थॅडियस स्टीव्हन्स यांचा १८२१ चा खटलाही सांगावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सीताबर्डीतील एका वाचनालयात संविधानावर झालेल्या व्याख्यानाचा वृत्तांत आपल्या दैनिकात वाचला. कलम १४ मधील 'कायद्याचे समान संरक्षण' ही कल्पना अमेरिकेच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून आली, हे वक्त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. मात्र ती दुरुस्ती अब्राहम लिंकन यांनी केली, असे जे छापून आले आहे ते खरे नाही. लिंकन यांची हत्या एप्रिल १८६५ मध्ये झाली, तर अमेरिकी काँग्रेसने ही दुरुस्ती जून १८६६ मध्ये संमत केली. समान संरक्षणाचे शब्द मुख्यतः ओहायोचे वकील जॉन बिंगहॅम यांचे, आणि प्रतिनिधिगृहात दुरुस्ती मांडून ती पुढे रेटणारे होते पेनसिल्व्हेनियाचे थॅडियस स्टीव्हन्स.

स्टीव्हन्स यांचा जन्म १७९२ चा, व्हरमाँट राज्यातला. पाऊल जन्मतःच वाकडे होते. १८१६ पासून त्यांनी गेटिसबर्गला वकिली केली आणि १८३३ मध्ये ते पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात निवडून गेले. १८३४ च्या मोफत शाळांच्या कायद्याविरुद्ध राज्यभर ओरड झाली, कारण शाळांसाठी कर भरावा लागणार होता. वरिष्ठ सभागृहाने तर कायदा रद्द करण्याच्या बाजूने मतही दिले. ११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्स यांनी कनिष्ठ सभागृहात भाषण केले. गुन्हेगाराला शिक्षा देण्यासाठी लागणारा कर माणूस निमूटपणे भरतो आणि दुसऱ्याला गुन्हेगार होण्यापासून वाचवणाऱ्या कराबद्दल मात्र तक्रार करतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. कायदा टिकला. (स्टीव्हन्स स्वतः अविवाहित होते, शाळेत पाठवायला पोटचे मूल नव्हते.)

परंतु हे पत्र लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. वृत्तांतातली चूक दुरुस्त करताना स्टीव्हन्स यांना थेट देव्हाऱ्यात बसवले जाईल, अशी मला भीती वाटते. १८२१ मध्ये हेच स्टीव्हन्स एका गुलाममालकाचे वकील होते. मेरीलँडच्या त्या मालकाच्या ताब्यातील चॅरिटी बटलर ही स्त्री स्वतःच्या आणि मुलांच्या मुक्ततेसाठी पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयात गेली होती. त्या राज्यात सहा महिने ठेवलेला गुलाम मुक्त होई, आणि चॅरिटीच्या वेगवेगळ्या मुक्कामांची बेरीज सहा महिन्यांच्या वर जात होती. सहा महिने सलग हवेत, तुकड्यांची बेरीज चालणार नाही, हा मुद्दा न्यायालयाने मान्य केला. स्टीव्हन्स जिंकले आणि ती बाई मुलांसह गुलामीतच राहिली.

मी नागपूरच्या कामगार न्यायालयात उमेदीची वर्षे काढली. सलग सेवा धरली जाण्यासाठी लागणारे २४० दिवस भरू नयेत म्हणून मधे मुद्दाम दिलेले 'ब्रेक', मळकट पिशवीतून हजेरीची कार्डे काढून टेबलावर मांडणारा कामगार आणि 'सेवा सलग नाही' एवढे एकच वाक्य धरून बसलेला समोरचा वकील, हे सारे इतक्या वेळा पाहिले आहे की चॅरिटीचा हिशेब मला परका वाटत नाही. कबूल करायला हवे की एक-दोनदा तो समोरचा वकील मीच होतो.

त्या खटल्यानंतरचे स्टीव्हन्स गुलामीचे कट्टर विरोधक म्हणून ओळखले जातात. मनात नेमके काय पालटले हे मी सांगणार नाही. त्यांची कृती मात्र नोंदलेली आहे. पेनसिल्व्हेनियाच्या १८३७-३८ च्या राज्यघटना परिषदेने मताधिकार गोऱ्यांपुरता ठेवला, तेव्हा त्यांनी त्या मसुद्यावर सही केली नाही. १८६८ च्या ऑगस्टमध्ये ते वारले, म्हणजे काँग्रेसनंतर राज्यांचीही मंजुरी मिळून चौदावी दुरुस्ती पक्की झाल्यावर जेमतेम महिनाभराने. लँकेस्टरमधील ज्या दफनभूमीत वर्णभेद नव्हता, तीच त्यांनी स्वतःसाठी निवडली होती आणि तसे कारण थडग्यावर कोरवून घेतले.

आपण दुरुस्ती छापणार असाल, तर लिंकन यांच्या जागी फक्त स्टीव्हन्स यांचे नाव घालून थांबू नये; चॅरिटी बटलर यांच्या खटल्यासाठी दोन ओळी राखून ठेवाव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वकील, धरमपेठ, नागपूर