घिबलीचा वारस शोधताना मधली चित्रं काढणारे विसरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानच्या ‘घिबली’ स्टुडिओच्या भवितव्याविषयी आलेला लेख वाचला. हाताने काढलेल्या ॲनिमेशनला मराठी वर्तमानपत्रात एवढी जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. पण सगळा लेख स्टुडिओचे संस्थापक-दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्याविषयीच्या ‘मियाझाकींनंतर कोण?’ या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला, आणि स्टुडिओ ‘विकला गेला’ हे त्यातलं विधानही अर्धवट आहे. म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

आधी मालकीचं. 21 सप्टेंबर 2023 रोजी निप्पॉन टीव्ही या जपानी वाहिनीने घिबलीतले 42.3 टक्के मताधिकार घेत असल्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबरात स्टुडिओ त्यांची उपकंपनी झाला. वाहिनीतले हिरोयुकी फुकुदा अध्यक्ष झाले. हायाओ मियाझाकी तेव्हा 82 वर्षांचे होते, निर्माते तोशिओ सुझुकी 75 वर्षांचे. कारभार मियाझाकींचे चिरंजीव गोरो यांच्याकडे द्यावा असा विचार झाला होता. पण घिबली एकट्याने पेलणं अवघड आहे असं सांगून त्यांनी नकार दिला, हे त्या वेळच्या निवेदनातच आहे. वाहिनीही काही परकी नव्हे. 1985 पासून ती हे चित्रपट दाखवत आली आणि 1989 पासून त्यांत पैसाही घालत आली. शिवाय घिबली जन्मापासून स्वतंत्र होता असंही नाही. 1985 साली तो उभा राहिला तो तोकुमा शोतेन या प्रकाशनसंस्थेच्या पैशावर, आणि तिच्यापासून वेगळा झाला तो 2005 मध्ये. इतकी वर्षं दुसऱ्याच्या छत्राखाली राहून त्याने आपलं सर्वोत्तम काम केलं. त्यामुळे हिशेब वाहिनीने पाहायचा आणि चित्रपट स्टुडिओने करायचे ही नवी वाटणी मला तरी धोक्याची वाटत नाही. धोका आहे तो रेखाटनाच्या टेबलांवर.

हाताच्या ॲनिमेशनमध्ये की-ॲनिमेटर हालचालीचे मुख्य टप्पे काढतो: हात उचलायला सुरुवात झाली, हात सर्वांत वर गेला, हात टेबलावर टेकला. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम जातात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला 12 चित्रं लागतात, तीन फ्रेम धरलं तर 8. टप्प्यांच्या मधली चित्रं इन-बिटवीनर काढतो. जपानीत या कामाला ‘दोगा’ म्हणतात. लाइट बॉक्सवरच्या (खालून उजेड देणाऱ्या पेटीवरच्या) पेग बारच्या तीन खुंट्यांत आधीचा आणि नंतरचा असे दोन कागद अडकवायचे, वर कोरा कागद घालायचा आणि खालून दिसणाऱ्या दोन रेघांच्या मधली रेघ काढायची. ऐकायला सोपं वाटतं. पण फिरणाऱ्या हाताचं मनगट सरळ रेषेत जात नाही, खांद्याभोवती कमानीत जातं. नवखा माणूस दोन मनगटांच्या बरोबर मध्यावर तिसरं मनगट काढतो आणि मधल्या चित्रात हात आखूड होतो. कागद फडफडवून पाहिले की तो हात रबरासारखा आक्रसतो आणि पुन्हा ताणला जातो. दोन टप्प्यांत अंतर फार असेल तर कागद खुंट्यांवरून काढून असे सरकवतात की दोन्ही चित्रांतलं डोकं एकमेकांवर येईल, आणि मग कोऱ्या कागदाची भोकं त्या दोघांच्या भोकांच्या नेमकी मधोमध आणून चित्र काढतात. तिथे कागद केसभर हलला तर पडद्यावर डोकं थरथरतं. हाताला लय नसेल तर रेघ चित्रागणिक जाड-बारीक होते आणि स्थिर उभ्या माणसाच्याही कडा वळवळतात. रेघेत बारीकशी फट राहिली तर स्कॅन झाल्यावर भरलेला रंग तिथून बाहेर पसरतो.

हे हमालीचं काम आहे असं समजणं चूक आहे. हीच शाळा आहे. कपड्याला वजन कसं येतं, माणूस बसताना आधी काय झुकतं, केस डोक्यामागून किती उशिरा वळतात, हे दुसऱ्याच्या टप्प्यांमधली शेकडो चित्रं काढल्यावर हातात उतरतं. दोन-तीन वर्षं या टेबलावर घालवलेल्यांतूनच पुढचे की-ॲनिमेटर निघतात, त्यांतून रेखाटन-दिग्दर्शक, आणि क्वचित एखादा चित्रपट-दिग्दर्शक. मियाझाकींनीही 1963 साली तोएई या ॲनिमेशन स्टुडिओत सुरुवात केली ती मधल्या चित्रांपासूनच. जपानी दूरचित्रवाणीच्या धंद्यात मात्र या कामाला चित्रामागे साधारण दोनशे येनच्या आसपास मिळतात आणि त्यातलं बरंचसं काम कोरिया, चीनसारख्या देशांकडे जातं. शिकायचं टेबलच परदेशी गेलं तर घरी शिकणार कोण?

घिबलीचं मोठेपण इथे होतं. पहिल्या काही वर्षांत तिथेही एका चित्रपटापुरती सत्तरेक माणसं गोळा करायची आणि काम संपलं की पांगायची अशीच रीत होती. 1989 च्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ या चित्रपटाच्या यशानंतर मियाझाकींनी आग्रह धरला की माणसं कायम नोकरीत घ्यायची, महिन्याचा पगार द्यायचा, दरवर्षी नवी मुलं घेऊन शिकवायची. चित्रपटाच्या खर्चात सिंहाचा वाटा पगाराचा, म्हणजे खर्च एकदम वाढणार हे ठाऊक असताना घेतलेला तो निर्णय होता. 1992 मध्ये टोकियो महानगरातल्या कोगानेईतली नवी इमारत उभी राहिली तीही याच विचारातून. ‘प्रिन्सेस मोनोनोके’साठी 1997 मध्ये सुमारे 1 लाख 44 हजार सेल, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर रंगवलेली चित्रं, लागले. ते काम बाहेर वाटून त्या दर्जाने झालंच नसतं.

वारस नव्हता असंही नाही. योशिफुमी कोंदो हे मियाझाकी आणि घिबलीचे दुसरे संस्थापक-दिग्दर्शक इसाओ ताकाहाता या दोघांनाही हवे असलेले रेखाटनकार. एकच पूर्ण चित्रपट दिग्दर्शित करून जानेवारी 1998 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी ते गेले. मामोरू होसोदा यांना बाहेरून बोलावलं, चित्रपट हाती दिला, पण ते मध्येच बाजूला झाले आणि पुढे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. हिरोमासा योनेबायाशी तर घिबलीतच मधली चित्रं काढत वाढलेले. दोन चित्रपट करून तेही बाहेर पडले. दोन दिग्गजांच्या सावलीत तिसऱ्याला वाढू देणं घिबलीला जमलं नाही, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही स्पष्ट म्हटलं पाहिजे.

तरी खरा घाव बसला तो 2014 मध्ये. ताकाहातांच्या ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ या शेवटच्या चित्रपटाला आठेक वर्षं आणि सुमारे 5 अब्ज येन लागले. जपानी तिकीटबारीवर आले त्याच्या निम्म्याच्या आसपास. तो खर्च उधळपट्टी नव्हता. ताकाहातांना कच्च्या स्केचची तुटक, जिवंत रेघ पडद्यावर तशीच हवी होती. पण तुटक रेघेत रंग थांबत नाही, म्हणून रंगाची सीमा आखणारं वेगळं चित्र काढावं लागे, आणि एका चित्राच्या जागी दोन-तीन चित्रं काढायची वेळ येई. तो चित्रपट पाहताना त्यातला एकही येन वाया गेला असं मला वाटत नाही. पण मियाझाकींनी 2013 मध्ये निवृत्ती जाहीर केलेली, पुढचा चित्रपट ठरलेला नाही आणि पगारपत्रकावर शेकडो माणसं. ऑगस्ट 2014 मध्ये सुझुकींनी निर्मिती विभाग थांबवत असल्याचं सांगितलं. माणसं पांगली; निर्माते योशिआकी निशिमुरा यांनी 2015 मध्ये ‘पोनोक’ स्टुडिओ काढला, काही जण तिथे गेले, बाकीचे मिळेल तिकडे. पंचवीस वर्षं लावून बसवलेली घडी काही महिन्यांत विस्कटली.

मग मियाझाकी परतले आणि पुन्हा माणसं जमवावी लागली. 2017 च्या भरतीच्या जाहिरातीत करार तीन वर्षांचा होता, पगार महिना दोन लाख येनपासून. ‘द बॉय अँड द हेरॉन’ 14 जुलै 2023 रोजी जपानात लागला. ट्रेलर नाही, जाहिरात नाही, फक्त एक पोस्टर. सुमारे 60 ॲनिमेटर महिन्याला जेमतेम एक मिनिट काम पुरं करत होते. पहिल्या तीन वर्षांत 36 मिनिटं झाली होती. पूर्ण लांबी 124 मिनिटं. रेखाटनाची धुरा ताकेशी होंडा यांच्याकडे होती, तेही दुसऱ्या स्टुडिओतून मिनतवारीने आणलेले. सुरुवातीच्या आगीच्या प्रसंगात मुलगा गर्दीतून धावतो आणि माणसांचे चेहरे उष्णतेने वितळल्यासारखे वाहतात. असा प्रसंग हातात चाळीस वर्षांचं काम मुरल्याशिवाय निघत नाही. मार्च 2024 मध्ये ऑस्कर मिळालं ते रास्तच. पण होंडांचा जन्म 1968 चा, याच चित्रपटातले ॲनिमेटर तोशियुकी इनोउए 1961 चे. हा जपानभरातून बोलावलेल्या उस्तादांचा मेळा होता. पुढच्या वेळी यांच्या खुर्च्यांवर कोण बसणार, हा प्रश्न मियाझाकींच्या खुर्चीइतकाच मोठा आहे.

लेखात मार्च 2025 मधल्या ‘घिबली फोटों’चाही उल्लेख आहे. तेव्हा एआयकडून लग्नाचे, वारीचे, बाळाच्या बारशाचे फोटो त्या रंगांत रंगवून आपल्याकडच्याही सगळ्या ग्रुपवर फिरले. यंत्राने उचलला तो गालांचा गोलवा, हिरवळीचा रंग, ढगांचा आकार. म्हणजे एक थांबलेलं चित्र. घिबली मात्र त्या चित्राच्या आणि पुढच्या चित्राच्या मध्ये आहे. मुलगी बूट घालताना टाच आत बसेना म्हणून पायाचं पुढचं टोक जमिनीवर दोनदा ठोकते, तिथे. यंत्राच्या भीतीपेक्षा मला वाईट वाटतं ते याचं की त्या आठवड्यात घिबलीचं नाव कोट्यवधी लोकांच्या तोंडी होतं आणि ती चित्रं काढणारी माणसं कुणाच्याच नाही.

वाहिनीला करता येण्यासारखं पुष्कळ आहे. मिताकाच्या घिबली संग्रहालयात 2001 पासून ‘सॅटर्न’ नावाचं छोटं थिएटर आहे. संग्रहालयाच्या तिकिटावर तिथे एक लघुपट दाखवतात. बहुतेक 15 मिनिटांच्या आसपासचे, नेहमीच्या चित्रपटगृहांत न दाखवले जाणारे. तिकीटबारीचं दडपण नाही, प्रेक्षक आयता आहे. नव्या दिग्दर्शकाला आणि मधली चित्रं काढणाऱ्या नव्या मुलांना घडवायला याहून सोयीची जागा दुसरी नाही. 14 मिनिटं म्हणजे 20,160 फ्रेम, दोन-दोन फ्रेम धरल्या तर साधारण दहा हजार चित्रांचा पल्ला. छोट्या चमूला झेपेल असा, आणि शिकायला पुरेसा. 2010 मधला एक लघुपट अकिहिको यामाशिता यांनी दिग्दर्शित केला होता, म्हणजे वाट घातलेली आहे. दर दोन वर्षांनी एक लघुपट, दरवेळी नवा दिग्दर्शक, आणि दोन चित्रपटांच्या मधल्या काळातही पगार चालू असणारी वीस-पंचवीस माणसं. एवढं केलं तरी कोगानेईतली टेबलं रिकामी पडणार नाहीत. 2022 मध्ये आइची प्रांतात सुरू झालेलं घिबली पार्क, खेळणी, जुन्या चित्रपटांचे हक्क यांतून नाव नक्की टिकेल. पण नुसतं नाव टिकवायचं तर रेखाटन विभागाची गरजच उरत नाही, आणि नेमकी तीच मला काळजी आहे.

आपल्या वाचकांना एक विनंती. घिबलीचे बहुतेक चित्रपट 2020 पासून भारतात नेटफ्लिक्सवर आहेत. चित्रपट संपताच पडदा लहान होतो आणि पुढचं काहीतरी सुचवलं जातं. तेव्हा पुन्हा पूर्ण पडदा करा आणि नामावलीत ‘इन-बिटवीन’ या मथळ्याखालची नावं पाहा. काही नावं सुटी असतात, काही बाहेरच्या कंपन्यांच्या नावाखाली असतात. घिबलीचा पुढचा चित्रपट येईल तेव्हा दिग्दर्शक कोण याची बातमी सगळीकडे छापून येईलच. त्या यादीत स्टुडिओच्या स्वतःच्या माणसांची नावं किती आहेत, तेही आपल्या पानावर छापावं.

आपला नम्र,
एक ॲनिमेटर, पुणे