साकवावरचा दीड तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात टेझर गनवरची, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या हत्यारावरची, तिन्ही पत्रे वाचली. सूर एकच: पोलिसांना काठी आणि पिस्तूल यांच्या मधले काहीतरी द्या, माणूस मरत नाही, पाच सेकंदांत आडवा होतो. रात्रभर डोळा लागला नाही, म्हणून सकाळी लिहायला बसले.

माझा थोरला भाऊ पाडेली होता. माडावर चढणारा माणूस, त्यामुळे कमरेला आकडी आणि आकडीला कोयती रोजचीच. त्याला स्किझोफ्रेनिया होता, हेही वाडीत सगळ्यांना ठाऊक. गोळ्या चालू असल्या की तो भला आणि त्याचे माड भले. 2011 च्या श्रावणात गोळ्या सुटल्या. एका सकाळी तो व्हाळावरच्या साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, जाऊन उभा राहिला. कोणी जवळ गेले की कोयती डोक्यावर उचलायचा. खाली व्हाळ दुथडी भरून चाललेला. आई खळ्यातच बसून राहिली, तिच्याने पुढे येववेना. कुणीतरी पोलिसांना फोन केला.

हवालदार आले, पन्नाशीचे, एकटेच. त्यांनी आधी जमलेली माणसे हटवली. मग साकवाच्या टोकाला ओल्या चिऱ्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारले, "तुका भूक नाय लागली रे?" दादा बोलला नाही. मग ते आपल्या घरच्या माडांविषयी सांगत राहिले, गेंड्या भुंगा कसा लागलाय, नवी झावळी कशी कातरल्यासारखी येते. एक सर येऊन गेली, ते जागचे हलले नाहीत. असा दीड तास गेला. शेवटी दादाच म्हणाला, "बेचक्यात रेती घालूक व्हयी." आणखी थोड्या वेळाने त्याने कोयती आकडीला अडकवली आणि घराकडे चालू लागला. दोघे आमच्या पडवीत पेज जेवले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही दादाला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेले.

आता त्या हवालदारांच्या पट्ट्याला टेझर असती तर? ती पिस्तुलासारखीच धरतात. चाप ओढला की बारीक तारांना जोडलेल्या दोन टोकदार सळ्या सुटतात, अंगात रुततात आणि पाच सेकंद वीज जाते. चाप दाबून धरला तर जातच राहते. स्नायू आखडतात, माणूस ओंडक्यासारखा कोसळतो, हात टेकून स्वतःला सावरूही शकत नाही. उंचावर उभ्या असलेल्या किंवा पाण्याजवळच्या माणसावर चालवण्यात धोका आहे, हे बनवणाऱ्या कंपनीच्याच सूचनांत आहे. जेटी, घाटी, शेवाळलेल्या पायऱ्या, विहिरीचा कठडा, साकव. आपल्या किनाऱ्यावर कोरडी आणि सपाट जागा पावसाळ्यात दाखवा मला.

पोलिसांवर हल्ले होतात, हे मी नाकारत नाही. गोळीऐवजी टेझर चालली तर एखादा जीव वाचेल, हेही खरे. पण आमच्या वाडीत त्या दिवशी पिस्तूल निघणारच नव्हते. टेझर असती, तर ती त्या दीड तासाच्या जागी आली असती.

ऑस्ट्रेलियात हेच झाले. कूमा नावाच्या गावात, वृद्धाश्रमात, मे 2023 मध्ये. क्लेअर नाउलँड, वय वर्षे 95, स्मृतिभ्रंश झालेला, वॉकर धरून चालणाऱ्या आजी. हातात स्वयंपाकघरातली सुरी. ठेव म्हटले, ठेवली नाही, काही मिनिटांत टेझर चालवली. आजी पडल्या, डोक्याला मार लागला, आठवड्याने गेल्या. त्या पोलिसावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला, तुरुंगवास मात्र झाला नाही. सांगितलेले समजतच नाही अशा माणसाला "ठेव, ठेव" म्हणून काय उपयोग?

आणि दादाचे पुढचे ऐका. दोन वर्षांनी एका एस.टी. स्टँडवर दुसऱ्याच एका पोलिसाने त्याला हटकले. त्या दिवशी कोयती नव्हती, हातात कापडी पिशवी होती, औषधांची. नाव विचारले, तो बोलला नाही. तळहातांवर आणि पोटऱ्यांवर काठ्या बसल्या. कोयती उगारलेल्या दादाला कोणी बोट लावले नव्हते, पिशवी धरलेल्या दादाला मारले. वळ आठवडाभर होते. डॉक्टरांनी ते मोजून कागदावर लिहिले, म्हणून निदान वरच्या साहेबांनी आम्हाला खुर्ची देऊन ऐकून तरी घेतले. टेझरच्या सळ्यांनी टाचणीएवढ्या दोन खुणा उरतात, नुसती अंगाला टेकवली तर बारीकसे चटके. आम्ही डॉक्टरांना काय दाखवले असते?

तुमचे एक पत्रलेखक म्हणतात, आधी प्रशिक्षण देऊ. जरूर द्या. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 पासून सुरुवात करा. असा माणूस भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचे, 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोचवायचे आणि कोठडीत कदापि ठेवायचे नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ते निवृत्त हवालदार आमच्या तालुक्यातच राहतात. साकवाच्या टोकाला कसे बसायचे, ते त्यांना बोलावून विचारा.

आणखी एक. कालच्या दुसऱ्या पत्राला तुम्ही "वेडसर इसमांना आवरणार कोण?" असा मथळा दिलात. सबंध पत्र मी दोनदा वाचले, पत्रलेखकाने तो शब्द कुठेही वापरलेला नाही. तो तुमच्या कार्यालयात घातला गेला. एस.टी. स्टँडवरच्या त्या पोलिसाने टिपणात दादाच्या नावाऐवजी हाच शब्द लिहिला होता. कृपया तो पुन्हा छापू नका, माझ्या या पत्राच्या मथळ्यात तर नकोच.

आपली,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव प्रसिद्ध करू नये.)