खोक्यातल्या वस्तूंबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना,
सा. न.

खोकं पोचलं असेल. आतल्या वस्तूंबद्दल मुद्दाम कागदावर लिहितेय, कारण फोन बंद पडला तर काय करायचं हे फोनमध्येच लिहून ठेवण्यात अर्थ नाही. हे कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. वस्तूंबरोबर आलेल्या पुस्तिका टाकू नका, पण पहिल्या पानापासून वाचतही बसू नका. त्यांतली निम्मी पानं इशाऱ्यांची असतात आणि कामाचं ते शेवटी, बारीक अक्षरात.

वस्तू चालेनाशी झाली की तुम्ही दोघंही आधी विचारता, "माझ्याकडून काही दाबलं गेलं का?" बहुतेक वेळा नसतं गेलेलं. संशय घ्यायचाच तर या क्रमानं घ्या: आधी वीज, म्हणजे सेल, चार्जर, केबल. मग जागा, म्हणजे वस्तू कुठे ठेवलीय किंवा अंगावर कशी बांधलीय. सेटिंगकडे अगदी शेवटी वळा, आणि तेही मला फोन करून.

सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते रक्तदाबाच्या यंत्राबद्दल. वापरायला इतकं सोपं दिसतं की सगळे चुकीचं वापरतात. पट्टा फुगून दंडातली धमनी दाबतो. दाब बदलत असताना धमनीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पट्ट्यातली हवा किंचित थरथरते. यंत्र ही थरथर पकडतं आणि तिच्यावरून हिशेबानं वरचा आणि खालचा आकडा काढतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ठोका ऐकतात, तसं इथे कोणी ऐकत नसतं. त्यामुळे मोजणी चालू असताना बोललात, हात हलवला, मूठ आवळली, तर यंत्राला ती थरथरही ठोक्यासारखीच वाटते.

पहिल्यांदा शिवणाच्या टेपनं दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. पट्ट्यावर दोन आकडे सेंटिमीटरमध्ये छापलेले आहेत, घेर त्यांच्या आत बसला पाहिजे. पट्टा लहान पडला तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो, फार मोठा झाला तर खोटा कमी. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. आई, तू बाही वर सरकवतेस, ती घट्ट बसली तर तिथेच धमनी दाबली जाते, म्हणून हात बाहीतून काढच. खालची कडा कोपराच्या घडीपासून २ ते ३ सेंमी वर असावी, नळी किंवा बाणाची खूण दंडाच्या आतल्या बाजूला. बांधल्यावर पट्ट्याखाली एक-दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, लघवीला जाऊन या आणि मग पाच मिनिटं नुसतं बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही. हात टेबलावर, आणि पट्टा छातीच्या मध्याच्या, म्हणजे हृदयाच्या उंचीला. ही उंचीची गोष्ट उगाच नाही. दंड हृदयापेक्षा १० सेंमी खाली असेल तर रक्ताच्या वजनामुळेच आकडा साधारण ७ ते ८ नं वाढतो. टेबल ठेंगणं असेल तर हाताखाली उशी घ्या. एकदा मोजून एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. जो बरा वाटला तो लिहायचा, असं नाही, बाबा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, शक्यतो ठरल्या वेळी. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा आणि पुढे ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच हात धरून चला. वही डॉक्टरांकडे न्या. एका आकड्यावरून गोळी कमी-जास्त करायची नाही.

"ई" किंवा "एरर" दिसलं की पट्टा सैल आहे का आणि नळीला कुठे पीळ पडलाय का ते बघा. हृदयाच्या खुणेशेजारी अनियमित ठोक्याची खूण आली तर पाच मिनिटांनी शांत बसून पुन्हा मोजा. ती वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण ठोके अनियमित असतील तर या पद्धतीनं काढलेले आकडेही डगमगतात. यंत्रात चार पेन्सिल सेल लागतात, जाड, डबल-ए लिहिलेले. चारही एकदमच बदला. जुन्यात नवा मिसळला की जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून जबरदस्तीनं वीज वाहवत राहतो आणि जुना गळतो. गळलेल्या अल्कलाइन सेलची पांढरी पूड तिखट क्षारांची असते, हात लावू नका. कापसाच्या काडीवर दोन थेंब व्हिनेगर घेऊन पुसायचं, मग कोरडं करायचं. चार्ज होणारे सेल घातलेत तर बॅटरीची खूण लवकर रिकामी दिसेल. ते सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असतात, यंत्राला तेवढ्यानंच सेल संपत आल्याचा भास होतो.

बाबा, तुमच्या श्रवणयंत्राचे सेल नारंगी टिकलीचे, १३ नंबरचे पाठवलेत. टिकलीचा रंग म्हणजेच आकार: पिवळा १०, तपकिरी ३१२, नारंगी १३, निळा ६७५. हे सेल हवेवर चालतात. आत जस्त असतं, आणि टिकलीखालच्या बारीक भोकांतून येणाऱ्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज तयार होते. म्हणून टिकली काढली की लगेच बसवू नका, सेल सपाट बाजू वर करून तीन-चार मिनिटं तसाच टेबलावर ठेवा. हवा आत शिरून विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, पुरेसा वाढल्यावरच यंत्रात घाला. घाईनं बसवला की यंत्र थोडा वेळ चालतं, बंद पडतं आणि चांगला सेल "खराब निघाला" म्हणून कचऱ्यात जातो. एकदा सोललेली टिकली परत चिकटवूनही फायदा नाही, आतलं जस्त खर्च होतच राहतं. तेव्हा जादाचा सेल आधीच सोलून खिशात ठेवायची सवय मोडा. खिशात नाणी आणि किल्ल्या असतात, तिथे तो शॉर्टही होतो. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरतं.

आणि हे सेल गोळ्यांच्या डबीजवळ अजिबात ठेवायचे नाहीत. आकारानं ते गोळीसारखेच असतात, आणि गोळी समजून सेल गिळणारी माणसं असतात. ज्यांना बारीक वस्तू जवळून नीट दिसत नाहीत त्यांच्याकडून तर हे जास्तच होतं. तसं झालंच तर वाट न पाहता तडक दवाखाना.

आवाज बारीक येतोय म्हणजे सेल संपला, असं नसतं. आधी कानात जाणाऱ्या टोकावरची मळाची जाळी बघा. ती तुंबली की सेल नवा असूनही आवाज दबतो. शिट्टी वाजते ती आवाज कानातून बाहेर गळून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो म्हणून. रबरी टोपी कानात नीट बसलेली नसते किंवा कानात मळ साठलेला असतो. यंत्र काढून, टोपी पुसून, सरळ आत सरकवून बघा. रात्री सेलचं दार उघडं ठेवा, यंत्र बंदही होतं आणि आतला घामाचा ओलावाही निघून जातो.

आता चार्जर. पांढरा चार्जर एकच आहे, दोघांच्या फोनला आणि टॅबला चालेल. त्यावर ५, ९, १५, २० व्होल्ट असं सगळं लिहिलंय, पण तो २० व्होल्ट फोनवर ढकलत नाही. टाइप-सी केबल लावली की सुरुवात ५ व्होल्टनं होते. मग फोन आणि चार्जर तारेवरून आपसांत बोलतात, फोन मागेल तेवढाच व्होल्ट चार्जर देतो, आणि फोन घेईल तेवढीच वीज जाते. त्यामुळे मोठ्या चार्जरनं लहान फोन जळतो ही भीती सोडून द्या, चार्जर धड कंपनीचा असला म्हणजे झालं. केबलींचं मात्र रूप फसवं असतं. दोन अगदी सारख्या दिसणाऱ्या केबलींपैकी एक फक्त चार्जिंगची असू शकते, तिच्यात माहितीच्या तारा नसतातच. कॉम्प्युटरला फोन जोडला आणि फोटो दिसले नाहीत तर आधी केबल बदलून बघा. जाड केबलला मी लाल दोरा बांधलाय, ती सगळ्या कामांना चालते.

"केबल सैल झालीय, वाकवून धरली तरच चार्ज होतो" असं झालं की दोष बहुधा केबलचा नसतो, फोनच्या भोकात खिशातल्या कापडाची बारीक वळकटी दाबून बसलेली असते. फोन पूर्ण बंद करून, लाकडी दातकोरण्यानं, भोकाच्या कडेकडेनं हलक्या हातानं ती उकरून काढा. मधली पातळ पट्टी सोडून द्या. सुई किंवा टाचणी नको. फुंकही मारू नका, थुंकी आत जाते.

बाबा, बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करायची हा तुमचा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला, तेव्हा तो बरोबर होता. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी उलट आहे. तिला पूर्ण रिकामं होणं आवडत नाही आणि काठोकाठ भरून तापणं त्याहून नाही. २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवलीत तर सर्वात उत्तम. फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर ती चालू करा. तिचा खरा शत्रू उष्णता, म्हणून उशीखाली, पांघरुणात किंवा उन्हाच्या खिडकीत चार्जिंग नको. महिनाभर न वापरायचा टॅब अर्धा भरून, बंद करून ठेवायचा. फोनची पाठ फुगली किंवा पडदा एका कडेनं उचलल्यासारखा दिसला तर चार्जिंग तिथेच बंद. दाबून बसवायचा नाही, टोचायचा तर मुळीच नाही, दुकानात न्यायचा. या बॅटऱ्या बाजारात पहिल्यांदा १९९१ मध्ये सोनीनं आणल्या. त्यांच्यामागच्या संशोधनाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते २०१९ मध्ये, आणि तीन मानकऱ्यांपैकी जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. "आता या वयात काय नवीन शिकायचं" हे वाक्य त्यांच्या फोटोपुढे म्हणून दाखवा.

घड्याळ आईसाठी आहे. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, कोपराच्या दिशेनं बांध. पाठीमागचा हिरवा उजेड कातडीत शिरतो, रक्त तो शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड जरासा कमी-जास्त होतो. त्यावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो, हात गार पडलेले असले की कातडीत रक्त कमी येतं, दोन्ही वेळा आकडा भरकटतो. ईसीजी काढताना दुसऱ्या हाताचं बोट कडेच्या बटणावर ३० सेकंद टेकवून ठेव, म्हणजे दोन हातांमधून मंडल पूर्ण होतं. त्यात ठोक्याची लय दिसते, पण हृदयविकाराचा झटका या घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत दुखलं, घाम फुटला, तर घड्याळाकडे न बघता थेट अँब्युलन्स. ईसीजी "नॉर्मल" आला तरीसुद्धा.

पडलीस तर ते विचारेल, आणि साधारण मिनिटभर हालचाल नसेल तर आपणहून फोन लावेल. जोरात टाळी वाजवल्यावरही एखाद्या वेळी विचारेल, तेव्हा "मी ठीक आहे" दाब, घाबरू नकोस. माणसं पाय घसरून पडतात ती न्हाणीघरात, म्हणून चार्जिंग अंघोळीच्या वेळी नको. वाचत बसतेस तेव्हा कर. साबण लागला तर नंतर साध्या पाण्यानं धुऊन टाक.

वाय-फायच्या डब्याचं, म्हणजे राउटरचं, थोडक्यात. काळी छोटी पेटी म्हणजे त्याची बॅटरी. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय आणि पेटीवरही १२, हे जुळलंच पाहिजे. अँपिअर जास्त असलेले चालतात, कमी नाहीत. फायबरचा डबा, म्हणजे बाहेरची इंटरनेटची तार ज्यात येते तो, वेगळा असेल तर त्यालाही पेटीतूनच वीज द्या, नाहीतर वीज गेल्यावर राउटर चालू आणि इंटरनेट बंद, अशी गंमत होते. इंटरनेट अडलं तर दोन्ही बंद करून आधी फायबरचा डबा लावा, दोन मिनिटांनी राउटर. फायबरच्या डब्यावरचा लाल दिवा तसाच राहिला तर दोष बहुधा बाहेरच्या तारेत आहे, कंपनीला कळवा. मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका, त्यानं सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. राउटर लोखंडी कपाटात किंवा आरशामागे ठेवू नका. मायक्रोवेव्ह चालू असताना नेट अडखळलं तर तो योगायोग नाही, दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात.

कोणी फोन करून "तुमचा फोन दुरुस्त करतो, हे अॅप घ्या" म्हणालं तर फोन ठेवून द्या. अॅपमधून पडदा त्याला दिसायला लागला की आलेला ओटीपी तुम्हाला सांगावाच लागत नाही.

रविवारी फोन करेन तेव्हा दोघांच्या दंडाचा घेर टेपनं मोजून तयार ठेवा. छापलेल्या आकड्यांबाहेर गेला तर दुसरा पट्टा पाठवते.

तुमची,
लेक

ता. क. खोक्यातली "खाऊ नये" लिहिलेली बारीक पुडी ओल शोषते. पुडी बंद पिशवीत असेल तर ती श्रवणयंत्राच्या डबीत ठेवा, पण आधी सेल बाहेर काढा, कारण त्या कोरड्या हवेत सेलही सुकतो. पुडी दोन दिवस उघड्यावर पडली असेल तर तिचं काम संपलेलं आहे, टाकून द्या.