बाई, तुमच्या हस्तलिखितासाठी

सांगली

आदरणीय बाई,
शि. सा. न. वि. वि.

खरं तर हे पत्र पोस्टाने यायला हवं होतं. पण आमचा वर्ग आता पुणे-मुंबईपासून पार परदेशापर्यंत पांगलाय आणि आभार सगळ्यांच्या वतीने मानायचे आहेत, म्हणून उघडच लिहितोय.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानाची अमेरिकन मालिका लागायची, तीही इंग्रजीतून. आमचं इंग्रजी तेव्हा धड्याखालच्या प्रश्नोत्तरांपुरतं. स्पॉकचे टोकदार कान, कर्कची ऐट, माणूस इथे विरघळतो आणि तिथे उगवतो, एवढं डोळ्यांना कळायचं. बाकीची गोष्ट आम्ही मनानेच लावून घ्यायचो. सोमवारी मधल्या सुट्टीत त्यावरून कडाक्याची भांडणं व्हायची, कारण प्रत्येकाने वेगळीच लावलेली असायची. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ती मुलं तर आमच्या भांडणातूनच मालिका ‘बघायची’.

पुढे ती लागायची बंद झाली. आमची भुणभुण ऐकून एखाद्या शिक्षकाने ‘आता तरी अभ्यास करा’ म्हटलं असतं. तुम्ही उत्तरपत्रिकांची उरलेली कोरी पानं पुढे टाकलीत आणि म्हणालात, “मग पुढचा भाग तुम्हीच लिहा की.” अट एकच घातलीत. ज्याने टीव्ही कधी पाहिला नाही, त्यालाही गोष्ट कळली पाहिजे.

त्या अटीचं मोल तेव्हा नाही कळलं. तिच्यामुळे आम्हाला यान कसं दिसतं, दार कसं उघडतं, परग्रहावरचा माणूस काय खातो, हे सगळं शब्दांत मांडावं लागलं. आणि मांडायला जवळ होतं काय, तर सांगली. म्हणून आमच्या ग्रहांवर पिवळी धूळ उडायची (हळदीचे सौदे बघितलेल्या पोरांना दुसरं काय सुचणार?), नद्या पात्र सोडून पेठेत शिरायच्या आणि यानाचा कप्तान इंजिन बंद पडलं की नारळ फोडायचा. सगळ्यात उत्तम गोष्ट लिहिली ती घरी टीव्ही नसलेल्या मुलीने. आम्ही बाकीचे पाहिलेल्या भागांची नक्कल करत होतो, तिच्याकडे नक्कल करायला काही नव्हतंच. परीक्षेच्या स्टेन्सिलमधून उरलेल्या दोन-चार तुम्ही मुख्याध्यापकांकडून मागून आणल्यात आणि तिची गोष्ट सायक्लोस्टाइल होऊन, म्हणजे स्टेन्सिलवरून शाईने छापून, वर्गभर वाटली गेली. शाईचे डाग आणि तो वास अजून आठवतो.

बाई, एक गंमत मला फार उशिरा कळली. आपण पाहत होतो ती मालिका अमेरिकेत 1969 मध्येच बंद पडली होती, तीन सीझन आणि 79 भागांनंतर. तिथल्या चाहत्यांनीही तुम्ही केलंत तेच केलं होतं. मालिका चालू असतानाच, 1967 मध्ये, ‘स्पॉकनेलिया’ नावाचा चाहत्यांचा अंक निघाला आणि मालिका संपल्यावर असे अंक वाढतच गेले. घरी टाइप करायचे, स्टेन्सिलवरून छापायचे, पोस्टाने पाठवायचे. त्यातल्या गोष्टी लिहिणाऱ्यांत बायका जास्त होत्या, हे तुम्हाला नक्की आवडेल. जानेवारी 1972 मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरवलं, तर संयोजकांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, हजारोंनी माणसं आली. 1976 मध्ये चाहत्यांनी पत्रांचा इतका पाऊस पाडला की नासाच्या पहिल्या अंतराळ शटलचं नाव मालिकेतल्या यानावरून ‘एन्टरप्राइझ’ ठेवलं गेलं. मधे एक कार्टून मालिका येऊन गेली, पण चित्रपट यायला 1979 उजाडलं आणि नवी मालिका 1987 मध्ये आली.

ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेचं तर आणखी मजेशीर. 1989 ला बंद, मधे 1996 ला एक टीव्हीपट, मग थेट 2005. त्या खंडात चाहते कादंबऱ्या आणि श्रुतिका करत राहिले. मालिका परत आणणाऱ्या रसेल टी. डेव्हिस यांनी स्वतः त्यातली एक कादंबरी लिहिली होती आणि पुढे मालिकेत डॉक्टरची मुख्य भूमिका केलेले डेव्हिड टेनंट आधी त्या श्रुतिकांमध्ये आवाज देत होते. मला तर वाटतं, मालिका चालू असती तर ही माणसं निमूट पुढच्या भागाची वाट बघत बसली असती. आमचंही तेच झालं असतं. नंतर केबलवर ढिगाने मालिका आल्या, आम्ही सगळ्या पाहिल्या, आणि एकानेही त्यावर एक ओळ लिहिली नाही.

आमच्यातून कोणी लेखक झालं नाही, हे कबूल. एक जण मिरजेत डॉक्टर आहे, एकीचं मार्केट यार्डात दुकान आहे, मी वीज मंडळातून निवृत्तीच्या वाटेवर. पण तो डॉक्टर पेशंटला आजार समजावून सांगतो तेव्हा तुमची अट पाळतो, हे मी समोर बसून ऐकलंय.

गेल्या महिन्यात तुमच्या मुलीने तो हस्तलिखितांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. 2019 च्या पुरात गावभागातल्या तुमच्या घरातलं खालचं सगळं गेलं, पण हा गठ्ठा माळ्यावर होता म्हणून वाचला, असं ती म्हणाली. आमची पोरकट अक्षरं तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत, त्याबद्दल काय बोलू? सगळी पानं स्कॅन करून प्रत्येकाला पाठवायची तयारी सुरू आहे, तुमची परवानगी धरूनच चाललोय.

फक्त एक अडचण आहे. पिवळ्या ग्रहाच्या गोष्टीचा दुसरा भाग निनावी आहे. अक्षर आमच्यापैकी कोणाचंच वाटत नाही, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तो तुम्हीच लिहिलात का, तेवढं कळवा. कारण शेवटी ‘क्रमशः’ लिहिलंय आणि पुढचा भाग गठ्ठ्यात नाही.

आपला विद्यार्थी,
शेवटच्या बाकावरचा