कोसोव्होच्या आधीची दोनशे वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सर्बियाच्या प्रवासावर आलेला लेख वाचला. बेलग्रेडचा किल्ला आणि खालचा नद्यांचा संगम यांचे वर्णन उत्तम जमले आहे. पण इतिहासाचा परिच्छेद वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. सर्बियाचा इतिहास 1389 च्या, तुर्कांशी झालेल्या कोसोव्होच्या लढाईपासून सुरू होतो आणि त्या लढाईत नेमान्यिच घराण्याचा शेवटचा राजा लाझार पडला, असे त्यात म्हटले आहे. लाझार नेमान्यिच नव्हता आणि राजाही नव्हता. तो एक सरदार होता, त्याची पदवी 'क्नेझ', म्हणजे राजाहून खालचा अधिपती. त्याची पत्नी मिलित्सा मात्र नेमान्यिचांच्या थोरल्या शाखेतली मानली जाते. घराण्याची मुख्य शाखा डिसेंबर 1371 मध्ये, सम्राट उरोशच्या निपुत्रिक मृत्यूने खुंटली होती. म्हणजे कोसोव्होच्या रणात लाझार उभा राहिला तेव्हा नेमान्यिचांचे राज्य संपून अठरा वर्षे होत आली होती.

एवढीच चूक असती तर चार ओळींत काम झाले असते. खरी खंत आहे ती पराभवापासून कथा सुरू करण्याची. त्यामुळे आधीची दोनशे वर्षे आपोआप गळून पडतात, आणि आज सर्बियात पाहण्यासारखे जे मध्ययुगीन आहे त्यातले बहुतेक सारे त्याच दोनशे वर्षांतले आहे.

घराण्याचा मूळपुरुष स्टेफान नेमान्या 1166 च्या सुमारास सत्तेवर आला. तीस वर्षे राज्य केल्यावर 1196 मध्ये त्याने आपण होऊन गादी सोडली, सिमेऑन हे नाव घेऊन तो भिक्षू झाला आणि स्वतः बांधलेल्या स्तुदेनित्साच्या मठात राहू लागला. धाकटा मुलगा रास्तको त्याआधीच घरातून पळून ग्रीसमधल्या अ‍ॅथोस या मठांच्या पर्वतावर भिक्षू झाला होता. तोच पुढे संत सावा म्हणून ओळखला गेला. म्हातारा बापही मागाहून तिकडे गेला आणि दोघांनी 1198 मध्ये हिलांदारचा ओसाड पडलेला मठ पुन्हा उभा केला. तो आजही सर्बियन भिक्षूंकडे आहे. इकडे गादीवरून वुकान आणि स्टेफान या सावाच्या थोरल्या भावांत युद्ध पेटले, तेव्हा सावा वडिलांच्या अस्थी घेऊन मायदेशी आला आणि त्या अस्थींच्या साक्षीने भावांचा समेट घडवला. 1217 मध्ये स्टेफानला पोपकडून राजमुकुट मिळाला. दोनच वर्षांनी सावाने नायसियाला, जिथे तेव्हा पूर्वेकडच्या चर्चचे प्रमुख राहत होते, जाऊन सर्बियन चर्चसाठी स्वतंत्र आर्चबिशपपद मिळवले आणि पहिला आर्चबिशप तो स्वतःच झाला. एक भाऊ रोमकडून मुकुट आणतो, दुसरा पूर्वेकडच्या चर्चकडून स्वायत्तता आणतो. दोन मोठ्या सत्तांच्या कात्रीत सापडलेल्या एवढ्याशा राज्याने केलेले हे राजकारण मला फार मोठे वाटते.

पुढच्या राजांचा धावता उल्लेख करतो. उरोश पहिला याच्या काळात सॅक्सन खाणकामगार आले, चांदी निघू लागली आणि राज्य श्रीमंत झाले. 1276 मध्ये त्याला स्वतःच्या मुलाने, द्रागुतिनने, पदच्युत केले. द्रागुतिन घोड्यावरून पडून जायबंदी झाला आणि 1282 मध्ये त्याने गादी धाकट्या भावाला, मिलुतिनला दिली. मिलुतिनने व्हेनिसच्या नाण्यांशी मिळतीजुळती नाणी पाडली, त्याबद्दल दांतेनेही त्याला दोष दिला आहे. 1299 मध्ये बायझंटाइन सम्राटाने आपली जेमतेम पाच वर्षांची मुलगी सिमोनिदा या चाळिशी ओलांडलेल्या राजाला दिली. त्याने आधीच जिंकून घेतलेला मुलूख त्याला हुंडा म्हणून मान्य करण्यात आला. तहाची किंमत त्या पोरीने मोजली. ग्राचानित्साच्या चर्चमध्ये तिचे भित्तिचित्र आहे, त्यातले डोळे कुणीतरी खरवडून काढले आहेत.

याच मिलुतिनने बंड केलेल्या आपल्या मुलाचे, स्टेफानचे, डोळे काढण्याची शिक्षा फर्मावली आणि त्याला कॉन्स्टँटिनोपलला हद्दपार केले. दृष्टी पूर्ण गेली नसावी, कारण बाप वारल्यावर स्टेफानने डोळ्यांवरची पट्टी सोडली, सावत्र भावाशी लढून गादी मिळवली आणि देचानीचा मठ बांधायला घेतला. 1330 मध्ये वेल्बुझ्दच्या लढाईत त्याच्या सैन्याने बल्गेरियाच्या सम्राटाचा पराभव केला. त्या विजयात नाव गाजले ते तरुण मुलगा दुशान याचे. वर्षभरात दुशानने बापाला कैद केले आणि झ्वेचानच्या किल्ल्यात बापाचा अंत झाला. गळा दाबून मारले असे म्हणतात. त्यानंतर दुशानने काय केले, तर बापाने अर्धवट सोडलेला देचानीचा मठ पुरा केला! तिथल्या भिंतीवर घराण्याची वंशवेल रंगवली आहे. मुळाशी नेमान्या आणि फांद्याफांद्यांवर त्याचे वंशज. एकमेकांचे डोळे काढणारे, गाद्या हिसकावणारे बापलेक तिथे एकाच वेलीवर आहेत. हे सारे बाजूला ठेवून या घराण्याला नुसते 'पवित्र राजवंश' म्हणणे मला पटत नाही. पण नुसते क्रूर म्हणून मोडीत काढणेही तितकेच अन्यायाचे आहे.

मला तळमळीने सांगायचे आहे ते दुशानच्या कायद्याबद्दल. 16 एप्रिल 1346 रोजी, ईस्टरच्या दिवशी, स्कोप्येला त्याने स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करवून घेतला. त्याचे राज्य डॅन्यूबपासून खाली ग्रीसच्या मध्यापर्यंत पसरले. 1349 मध्ये त्याने कायदेसंहिता जाहीर केली आणि 1354 मध्ये तिच्यात भर घातली, सगळी मिळून सुमारे 200 कलमे. त्यातले 171 वे कलम सांगते की सम्राटाने रागाने, प्रेमाने किंवा कुणावर मेहेरबानी म्हणून पत्र लिहिले आणि ते संहितेच्या विरुद्ध असेल, तर न्यायाधीशांनी ते मानू नये. 172 वे कलम म्हणते की न्यायाधीशांनी संहितेत लिहिल्याप्रमाणे न्याय करावा, सम्राटाच्या भीतीने करू नये. बापाला कैदेत टाकून गादीवर आलेला माणूस स्वतःच्या हुकमाला लगाम घालून ठेवतो, हे चौदाव्या शतकात घडले आहे.

ही संहिता सर्वांना सारखी नव्हती, हेही इथेच सांगायला हवे. सामान्य रयतेने सभा भरवली तर कान कापावेत, पळून गेलेल्या कुळाचे नाक चिरावे, अशी कलमे तिच्यात आहेत. सरदार आणि शेतकरी यांचे दंड वेगळे होते. तरीही कुळाकडून कायद्यापेक्षा जास्त काम किंवा देणे घ्यायला धन्याला मनाई होती, आणि तसे झाल्यास कुळाला दाद मागता येत होती. आमच्या शाळेच्या पुस्तकांत युरोपचे मध्ययुग म्हणजे इंग्लंडचा मॅग्ना कार्टा एवढेच होते. या संहितेचे नावही कधी कानावर आले नाही.

दुशान डिसेंबर 1355 मध्ये वारला, त्याच्या आदल्याच वर्षी तुर्कांनी युरोपच्या किनाऱ्यावरच्या गॅलिपोलीत पाय रोवले होते. मुलगा उरोश याला साम्राज्य सांभाळता आले नाही, सरदार आपापले प्रांत घेऊन बसले. लोककथा सांगतात की सरदार वुकाशिनने उरोशचा शिकारीत खून केला. पण वुकाशिन 26 सप्टेंबर 1371 रोजी मारित्साच्या लढाईत तुर्कांशी लढताना पडला आणि उरोश त्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ जिवंत होता. बिचाऱ्या वुकाशिनच्या माथ्यावरचा हा डाग संशोधकांनी केव्हाच पुसला आहे, गाण्यांतून तो जात नाही इतकेच.

लेखाच्या पुढच्या भागात लेखक बेलग्रेडच्या बाहेर पडणार आहेत, असे शेवटच्या चौकटीत दिसले. त्यांना विनंती की स्तुदेनित्सा चुकवू नये. पांढऱ्या संगमरवरी भिंतींच्या त्या चर्चमध्ये नेमान्याच्या अस्थी आहेत आणि 1209 च्या सुमाराचे ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचे चित्र आहे. जमल्यास सोपोचानी आणि मिलेशेवा हे मठही पाहावेत. देचानी, ग्राचानित्सा आणि पेचचे मठ आज कोसोव्होत आहेत. प्रिझ्रेनच्या चर्चसह ते 2006 पासून युनेस्कोच्या धोक्यातील वारशाच्या यादीत आहेत. त्याआधी मार्च 2004 च्या दंगलीत प्रिझ्रेनच्या चर्चला आग लावली गेली आणि चित्रांचे मोठे नुकसान झाले. देचानीच्या दारावर अजूनही आंतरराष्ट्रीय सैन्याचा पहारा असतो, त्यामुळे जाणाऱ्याने पासपोर्ट जवळ ठेवावा. कोसोव्होत जायचे तर सर्बियातून जाऊन सर्बियातूनच परतावे. सर्बिया कोसोव्होला वेगळा देश मानत नाही, त्यामुळे अल्बेनिया किंवा उत्तर मॅसिडोनियाकडून शिरून मग सर्बियात आल्यास सरहद्दीवर अडचण येऊ शकते.

लाझारविषयीची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी आणि दुशानच्या संहितेवर कायद्याच्या एखाद्या जाणकाराकडून स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली