दीड दिवसाची जमीन

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोन मी आपटला, हे तुझ्या आईपाशी कबूल केलंय. तिकडच्या टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या, नियोजन मंडळावर तुझी नेमणूक झाली म्हणून गल्लीभर पेढे वाटले, आणि तुला मात्र ऐकवलं काय, तर जागेवर गेल्याशिवाय सही करू नकोस. "बाबा, इथे सातबारा नसतो!" म्हणालीस. असो.

गेल्या उन्हाळ्यात तू फिलाडेल्फियाला स्टेंटन, जेम्स लोगनचं जुनं घर, दाखवलंस, तेव्हापासून तो लोगन डोक्यातून जात नाही. आयर्लंडचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. 1699 साली पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन, त्याचा सचिव म्हणून आला, महापौर झाला, मुख्य न्यायाधीश झाला, दोन वर्षं गव्हर्नरचा कारभारही पाहिला. ही क्वेकर माणसं शपथ घेत नाहीत. हो म्हणजे हो. शिवाय मक्याचे तुरे छाटून दाणे भरतात का, ते परसात स्वतः बघणारा गडी!

आणि त्याच्याच कारभारात 1737 ला तिथल्या मूळ रहिवासी लेनापी लोकांची जमीन कशी मोजली? जुना कागद दाखवला: दीड दिवसात माणूस चालेल तेवढी. त्यांना वाटलं, नेहमीसारखं चालतील, बसतील, खातील. यांनी आधीच रानातून वाट साफ करून घेतली आणि तिघं दणकट गडी सोडले. दोघं गळाले, तिसरा साठ मैलांवर गेला. त्या भागातल्या लोखंडाच्या भट्टीत लोगनचा हिस्सा होता, मनू. तो वाईट नव्हता गं. तेच तर.

पुन्हा व्याख्यान झालं. माफ कर.

पण तुला कधी सांगितलं नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, वैशाखात, मी आंब्याखाली चहा घेत बसलो आणि जमीन मोजायची साखळी शिपायावर सोडली. 33 फुटांची ती साखळी, 16 आण्यांत, म्हणजे भागांत, वाटलेली, उन्हात हाताला चटका देणारी. कडी कुठल्या खुणेला टेकली ते वाकून बघितलं नाही. नकाशावर सही केली. म्हातारीचा पाऊण गुंठा शेजाऱ्याकडे गेला. पुढे ती कचेरीच्या पायरीवर बसायची, बोलायची नाही. मी मागच्या दाराने जायचो.

तू माझ्यापेक्षा धीट आहेस, हे आत्याही म्हणते. तरी जागेवर जा.

मेतकूट पाठवलंय. शनिवारी फोन मीच करीन. आणि तिकडच्या गवतात गोचीड असतात म्हणालीस ना, तर पायात उंच बूट घाल.

तुझे बाबा