त्या पाच महिन्यांबद्दल

पुणे, रविवार रात्र

प्रिय शमे,

गणपतीत फोन करते म्हणाले होते, केला नाही. दिवाळीला तुझा फराळ आला, त्याचीही पोच दिली नाही. रागावली असशील तर रागव, तुझा हक्कच आहे. पण आज लिहितेय ते फोनवर बोलता येणार नाही, आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणारही नाही. इकडे सगळे बरे. माझी पाठ तशीच, गोळ्या चालू आहेत.

यंदा माझ्याकडे नववी ड आहे. अडुसष्ट मुलं. गेल्या बुधवारी मधल्या सुट्टीत वर्गातली एक मुलगी कंपासपेटी घेऊन आली. "बाई, ही त्यानं मला देऊन टाकली. परत घेतच नाहीये." झाकणावरची नावाची चिठ्ठी नखानं खरवडून काढलेली होती. आत कर्कटक, दोन्ही गुण्ये, खोडरबराचा तुकडा, सगळं जागच्या जागी. अगं, हा मुलगा या पेटीतली पेन्सिल कुणाला उसनीसुद्धा देत नसे. विचारल्यावर कळलं, क्रिकेटचे ग्लव्हजही एकाला देऊन झालेत. आवडीच्या वस्तू अशा वाटून टाकणं ही धोक्याची खूण असते, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. मी वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारून. आणि याच मुलाला पहिल्या तासाला झोपतो म्हणून मी गेल्या महिन्यात दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. रात्रभर जागा का असतोस, हे एकदाही विचारलं नाही. हे लिहिताना हात जड होतो गं.

खेळाच्या तासाला त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. आधी काही बोलेना. मग म्हणाला, "बाई, कुणाला सांगणार नाही ना?" आणि मी पटकन म्हणून गेले, "नाही सांगणार." ते म्हणायला नको होतं. मग त्यानं सांगितलं. आठवीच्या मार्कांवरून अ तुकडीतून ड मध्ये आला, जुने मित्र डबा खायला बोलवेनात. ज्या आजोबांजवळ झोपायचा ते मे महिन्यात गेले. घरी दहावीचं आतापासून सुरू आहे. शेवटी म्हणाला, "मी नसलो तरी कुणाला काय फरक पडणार आहे?"

मी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का तुला?" असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो अशी आपल्याकडे भीती असते. तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्यानं मान हलवली. हो म्हणून.

मग मला म्हणावं लागलं, "बाळा, मी चुकीचं वचन दिलं. हे मला एकटीकडे ठेवता येणार नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्हीपण."

शमे, त्या एका शब्दाला मला तू दिसलीस. वसतिगृहाच्या जिन्यात उभी. मी जेवण सोडलं होतं, तुला आईची शपथ घातली होती, आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळी रेक्टरबाईंच्या दारात. चुगलखोर म्हणाले होते ना मी तुला? लताच्या देखत. पाच महिने बोलले नाही. अलका चौकात तू लुनासकट आडवी झालीस, केळीवाल्याची पाटी तुझ्या डोक्यावर, तेव्हाही हसले नाही, इतका राग होता. आता आठवलं की एकटीच हसते. पण त्या सकाळी तू एकोणीस वर्षांची होतीस. मी सत्तेचाळीसची आहे, हाताशी सगळी माहिती आहे, तरी माझे पाय लटपटत होते. तुला किती भीती वाटली असेल, हे मला बुधवारी कळलं.

आमच्या समुपदेशक मंगळवार-शुक्रवार येतात आणि हा बुधवार. फोनवर म्हणाल्या, मिनिटभरही एकटं सोडू नका, आईवडिलांच्या हातात द्या, कारण एकच असेल असं धरून त्याच्यामागे लागू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ नंबर आईला लिहून दिला, तो रात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात. आई नारायण पेठेतल्या एका मेसमध्ये पोळ्या करते. तशीच धावत आली, कोपरापर्यंत पीठ. त्याला जवळ घेतलं तेव्हा त्याच्या शर्टावर पाठीला दोन पांढरे हात उमटले. दुसऱ्या दिवशी ती त्याला ससूनला घेऊन गेली. उपचार सुरू झालेत.

आणि टीचर्स रूममध्ये एकजण म्हणाले, "हल्ली नाटकं फार झालीत." मी त्यांच्याशी भांडले. आवाज चढला माझा, वाईट वाटत नाही. चौदाशे मुलं आणि आठवड्याला दोन दिवस समुपदेशक! सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि मार्कांवरून तुकड्या शक्यतो पाडू नयेत. मी ते छापून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. ते "बघू" म्हणाले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीचा फलक आमच्याकडे दारातच आहे, नावं, नंबर सगळं. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत त्या फलकासमोर थांबून कुठलं मूल नंबर उतरवून घेईल? मी आता रोज हजेरी घेताना पाच मुलांशी दोन-दोन वाक्यं बोलते. अभ्यास सोडून. चौदा दिवसांत वर्ग पुरा होतो. तेवढं माझ्या हातात आहे.

तुझं काय? सासूबाईंचं मोतीबिंदू झालं का? ओंकारची बारावी ना यंदा, त्याला माझा आशीर्वाद, आणि त्याच्यामागे फार लागू नकोस. रत्नागिरीत पाऊस लांबला म्हणे, गच्ची गळते का अजून?

तो शनिवारी शाळेत आला. समुपदेशकांशी फोनवर बोलतो, आईशी बोलतो. माझ्याशी नाही. हजेरीला "हजर" म्हणतो तेही खिडकीकडे बघून. बोलू नये हवं तर, शाळेत येतोय ना, असं मी मनाला समजावते. पण तू ते पाच महिने कसे काढलेस, शमे? मेसमधून माझ्या वाटणीचं ताक तू रोज माझ्या टेबलावर झाकून ठेवायचीस, ते आठवतं. मी ते न पिता ओतून द्यायचे, तू दुसऱ्या दिवशी परत ठेवायचीस. मग मी कधी बोलले, कशावरून बोलले, ते मला काही केल्या आठवत नाही. तुला आठवत असेल तर लगेच लिही. कंपासपेटी माझ्या खणात आहे. चिठ्ठी नवी चिकटवली आहे, नाव मात्र लिहिलेलं नाही, ते त्याचं त्यानं लिहावं. उद्या भूमितीचा तास आहे.

तुझी,
माई